खोडायचं कसं?

शाळेत कुठलंही नवं साधन आलं की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ह्यात खोडायचं कसं? तीन पिढ्या मास्तरकीत गेलेलं घर ते. आजोबा, म्हणजे आबा, औंध संस्थानात शिक्षक होते, वडील, म्हणजे तात्या, सातारा जिल्हा परिषदेत, आणि आता पुतणी खटाव तालुक्यातल्याच एका दुशिक्षकी शाळेवर आहे. मधली मी तेवढी निसटले आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवर जाऊन बसले. म्हणजे तिथंही दुसऱ्यांच्या चुका खोडायचंच काम. त्यामुळे शाळेतल्या तंत्रज्ञानाबद्दल कुणी बोलू लागलं की टॅब आणि पडद्याच्या आधी मला आबांच्या नि जिजीच्या, म्हणजे आजीच्या, गोष्टी आठवतात. त्या गोष्टींत साधनं सारखी बदलतात. मी मात्र दर वेळी एकच शोधत बसते : पोराच्या चुकीचं पुढं काय झालं? ती धुळीत मिसळली, फडक्यानं गेली, कागदावर राहिली, की कुठल्याशा सर्व्हरवर कायमची जाऊन बसली?

आबांचे वडील मारुतीच्या देवळात भरणाऱ्या पंतोजींच्या शाळेत शिकले. पाटी म्हणजे लाकडाची फळी, तिच्यावर पसरलेली बारीक धूळ, आणि लिहायला बोरूसारखी टोकदार काडी. अक्षर चुकलं की फळी जराशी हलवायची. धूळ सपाट, चूक गायब. पंतोजींच्या छडीचा वळ मात्र असा हलवून जात नसे, एवढंच. धुळीत काही राहत नाही म्हटल्यावर सगळं तोंडात ठेवावं लागे. म्हणून दिवेलागणीला परवचा, म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आबा सांगायचे, त्यांचे वडील म्हातारपणी माणसांची नावं विसरले, कोण आलंय ते ओळखेनात, पण औटकी विचारली की साडेतीनच्या पटीत घडाघडा म्हणत सुटायचे. लिहिलेलं टिकत नव्हतं, तेव्हा पाठ केलेलं असं टिकायचं.

ही धूळपाटी विलायतेला जाऊन आली आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमाचा कारभार बघत होता. तिथं त्यानं मलबारी पोरांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात हेही पाहिलं. दोन्ही गोष्टी त्यानं आपल्या शाळेत आणल्या आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं. पुढं जोसेफ लँकेस्टरच्या शाळांत लंडनची गरीब पोरं वाळूवर ए, बी, सी गिरवू लागली. कागद परवडत नव्हता, वाळू फुकट होती. आणि मग हीच पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळांबरोबर 'साहेबाची पद्धत' म्हणून आपल्याकडे परत आली! वर्गात मॉनिटर नेमायची चाल त्यातलीच. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "साहेबानं छडीपण नेली का?" एवढंच विचारलं.

दगडी पाटी मात्र आबांच्या स्वतःच्या आठवणीतली. काळी, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला भोक पाडून सुतळीनं बांधलेलं फडकं. ती काळीभोर राहावी म्हणून रविवारी ओढ्यावर नेऊन कोळसा नि घेवड्याचा पाला घासायचा, मग उन्हात वाळवायची. फडकं कोरडं असलं तर थुंकी होतीच. थुंकीनं पुसू नका, सरस्वती कोपते, असं तीन पिढ्यांतल्या गुरुजींनी आणि बाईंनी सांगितलं आणि तीन पिढ्यांतल्या पोरांनी ऐकलं नाही. पेन्सिल निम्मी लिहायला, निम्मी खायला. पाटीवर गणित मांडलं, गुरुजींनी पाहिलं, 'चूक' म्हणाले, पुसलं, पुन्हा मांडलं. सातव्या वेळी बरोबर आलं तर पाटीवर फक्त सातवा प्रयत्न असायचा. पहिल्या सहांचा पुरावा जगात कुठंही नाही. मूल घरी जाताना कोऱ्या पाटीनं जायचं.

ह्या पाटीलाही किंमत होती, ती आपल्या गावात दिसत नसे. पाट्यांचा दगड आंध्रात मार्कापूरला निघायचा. पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला कापल्या जायच्या. गोल करवतीखाली दगड जाताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत बसायची आणि सिलिकोसिसनं तिथली ऐन उमेदीतली माणसं खोकून खोकून गेली. आमच्या दप्तरातली दोन बोटांची पेन्सिल तिथून यायची. आज बॅटरीतल्या कोबाल्टबद्दल आपण हळहळतो, ते योग्यच आहे. पण जुनी पाटी तेवढी निरागस होती असं नाही.

आणि ती सगळ्यांसाठी सारखी पुसली जात नव्हती. आमच्या गावचे एक आजोबा, पूर्वीच्या महारवाड्यातले, आबांच्याच वयाचे. थोरपणी आमच्या सोप्यावर बसून दोघं तासन्‌तास बोलायचे. एकदा मी समोर असताना त्यांनी सांगितलं, की त्यांना पाटी जमिनीवर ठेवून मागं सरायला लागायचं. मग गुरुजी लांबूनच वाकून बघायचे आणि 'दुसरी ओळ चूक' म्हणायचे. बाकीच्या पोरांच्या पाटीवर गुरुजी स्वतः अक्षर काढून द्यायचे, हाताला धरून गिरवून घ्यायचे. "माझी चूकसुद्धा कुणी पुसली न्हाई, मास्तर," ते म्हणाले. आबा काही बोलले नाहीत. सोप्यावर सुपारी कातरायचा आवाज तेवढा चालू राहिला.

आमच्या जिल्ह्याच्याच गावी, सातारच्या सरकारी हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. घरून आणलेल्या गोणपाटावर ते वेगळे बसायचे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढं मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तर वर्गात गलका उडाला, कारण फळ्यामागं पोरांचे जेवणाचे डबे होते. डबे हलवले गेले आणि मग खडू हातात आला, असं त्यांच्या चरित्रात येतं. शाळेतल्या साधनांचा इतिहास लिहिणारे फळा कुठल्या देशात आधी आला ह्यावर पानं भरतात. त्या फळ्यापुढं उभं राहून चुकायची मुभा कुणाला होती, हे विचारलं तर इतिहास वेगळाच निघतो. भिडेवाड्यात १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा तिथं साधन म्हणून नवं काही नव्हतं. नव्या होत्या त्या समोर बसलेल्या मुली.

आबा औंध संस्थानच्या नोकरीत लागले. 'बनगरवाडी'तला मास्तर ज्या संस्थानात फिरतो तेच हे संस्थान. तात्यांनी ती कादंबरी त्यांना वाचून दाखवायला घेतली, तर पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "पटावर पोरं किती ते आधी सांग." बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्यामुळे दिवस नमस्कारांनी सुरू व्हायचा आणि मग चौथीच्या पुढचे शाईला बसायचे.

शाईबद्दल बोलताना आबांचा सूर बदलायचा. बोरू त्यांनी मला करून दाखवला होता. बोरूचं कांड घ्यायचं, धारदार चाकूनं तिरका काप द्यायचा, मग टोक नखावर टेकवून मधोमध बारीक चीर पाडायची. काप जरा जास्त तिरका झाला तर अक्षर किडमिडं येतं, कमी झाला तर फोफसं. शाईची वडी पाण्यात विरघळवायची, दौतीत चिंधी घालायची म्हणजे दौत लवंडली तरी शाई सांडत नाही. कित्त्याच्या वहीत वरची ओळ छापील, खालच्या आपल्या. आणि इथं, शाळेत पहिल्यांदाच, चूक राहू लागली. शाईचं अक्षर पुसता येत नाही. खरवडलं तर कागद फाटतो, गिरवलं तर डाग पडतो. आबांच्या ट्रंकेत त्यांच्या व्हर्नाक्युलर फायनलच्या काळातली एक वही होती. तिच्यात एका पानावर बोटाच्या पेराएवढा काळा डाग. त्याखाली काय लिहिलं होतं ते साठ वर्षांनीही त्यांना आठवत होतं, आणि ते सांगायला तयार नव्हते.

दिपोटी तपासणीला यायचे तेव्हा ह्या वह्या मांडून ठेवल्या जात. पाट्यांची तपासणी त्या दिवसापुरती, वह्यांची मात्र वर्षभराची. लाल शाई गुरुजींच्या हातात आली ती ह्याच काळात. पोरानं केलेली चूक आणि गुरुजींनी ती पाहिली होती ह्याचा पुरावा, अशी दोन्हींची नोंद एकाच पानावर. मास्तर कामचुकार आहे की नाही हे आता पोरांच्या चुकांवरून कळू लागलं. माझ्या मते शाळेच्या कारभारात कागदानं केलेला सगळ्यात मोठा बदल हाच. पुढं संगणकानं काही वेगळं केलं नाही. हेच फक्त फार जोरात केलं.

त्या ट्रंकेतल्या निम्म्या वह्या तात्यांना वाचता येत नव्हत्या, कारण त्या मोडीत होत्या. तात्या शिकायला लागले आणि मोडी शाळेतून गेली. छपाईला सोपी म्हणून बाळबोध राहिली. बापाचं अक्षर मुलाला लागेना, ह्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. आता मोडी वाचणारी संगणकप्रणाली बनवायचे प्रयत्न चालू आहेत. उद्या कदाचित पुतणीचा फोन आबांची वही घडाघडा वाचेल. मधल्या दोघांना मात्र ती मुकी राहिली.

जिजीची शाळा ह्या सगळ्याच्या बाहेरची. ती शिकली तिशी उलटल्यावर. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांत ती राज्यभर गेली. गावानं ठरवायचं की आता गावात निरक्षर कुणी ठेवायचा नाही, आणि सगळी साक्षर झाली की ग्रामगौरव समारंभ. दिवसभर खुरपून आलेल्या बायका रात्री कंदिलाभोवती बसायच्या. शिकवायला गावचेच शिक्षक आणि सातवी-आठवीतली पोरं. आबा स्वतः शिकवत होते, पण जिजी त्यांच्या वर्गाला बसली नाही. "नवऱ्यापुढं चुकायचं, आन् घरी येऊन भाकरी वाढायची? दोन्ही जमायचं न्हाई," असं म्हणून ती शेजारच्या आळीतल्या वर्गाला गेली. पाटी पदराखाली धरून लिहायची. कुणाचं लक्ष नाही असं बघून पुसायची.

समारंभाच्या दिवशी तिनं सगळ्या गावापुढं फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं : 'पारवती'. रफार तिला कधीच पटला नाही. र म्हणताना ऐकू येतो तिथं तो लिहायचा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन का बसवायचा, ह्याचं उत्तर आबांनाही समाधानकारक देता आलं नाही. पुढं पोस्टाच्या पासबुकात, सोसायटीच्या कर्जखात्यात, सगळीकडं पारवती. सही असल्यामुळे तिथं चुकीलाच मान होता. उलट एखाद्या वेळी चुकून बरोबर लिहिलं असतं तर पैसे अडकले असते! जवळजवळ पन्नास वर्षं तिनं ते नाव असं चालवलं. मग आधारकार्ड आलं. यंत्रापुढं बसलेल्या मुलानं शहाणपणानं 'पार्वती' टाइप केलं आणि जिजीच्या निराधार भत्त्याचं प्रकरण एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हिंडू लागलं. तात्यांनी अॅफिडेव्हिट केलं, की पारवती आणि पार्वती ही एकच बाई. जिजीला हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मग आता लिहू कसं, ते यंत्राला इचारून ये."

रेडिओ आणि टीव्हीबद्दल घरात फार गोष्टी नाहीत, आणि त्याला कारण आहे. शाळेला रेडिओ मिळाला तो सरपंचांच्या ओसरीवर गेला, कारण शाळेला कुलूप धड नव्हतं. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम चांगले असत, असं तात्या म्हणायचे, पण ते लागायचे तेव्हा नेमकं सरपंचांकडं बाजारभाव ऐकायला माणसं जमलेली असत. टीव्ही मी स्वतः पाहिला. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवर शाळेच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम येऊ लागले. आमच्या केंद्रशाळेत तो टीव्ही लाकडी कपाटात बंद असायचा आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. वीज असेल, किल्ली असेल आणि मुख्याध्यापकही असतील, असा योग क्वचित यायचा. आला की आम्ही आ वासून बघायचो. बाई सुंदर बोलायच्या, बाहुल्या नाचायच्या. पण त्या बाईंनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. विचारलं तरी उत्तराला थांबायच्या नाहीत. चुकायला तिथं जागाच नव्हती. घरी गेल्यावर आठवायचं ते बाहुलीचं नाक. बालचित्रवाणी पुढं रडतखडत चालली आणि २०१७ साली सरकारनं तिला टाळं लावलं. ज्यांनी तिथं जीव ओतून काम केलं त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण गावात कुणी विचारलंसुद्धा नाही की ती कुठं गेली.

तात्यांचं मात्र संगणकाशी जमलं. एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले तेव्हा ते निवृत्तीला आले होते, तरी तरुण शिक्षकांबरोबर वडूजला जाऊन बसले. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच सांगू लागले, की एक बटण आहे, ते दाबलं की मागचं अक्षर जातं, आणि दुसरी एक खूण आहे, कंट्रोल दाबून झेड, ती केली की गेलेलं अक्षर परत येतं! "म्हणजे चूक परत बघता येते. पाटीवर असं नव्हतं," ते आबांना ओरडून सांगत होते, कारण आबांना तोवर ऐकू कमी येत होतं. आबा म्हणाले, "परत बघून काय करायचंय?" तात्या म्हणाले, "का चुकलो ते कळतं." मला ती संध्याकाळ आमच्या घरातल्या शिक्षणविषयक चर्चांमधली सगळ्यात मोलाची वाटते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, ते भराभर सांगते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या आडवळणाच्या शाळेनं टॅब आणि पडद्यावर शिकवून दाखवलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करायची लाट आली. गावोगाव लोकवर्गणी निघाली. यात्रेच्या तमाशातून वाचवलेल्या पैशांचे प्रोजेक्टर आले. काही शाळांत अजून चालू आहेत. काही शाळांत वीजबिल थकलं, मीटर कापला गेला आणि पडद्यामागं पोषण आहाराची पोती रचली गेली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवला. फोन धरला की धडा बोलू लागे. ती कल्पना बालभारतीच्या पुस्तकांत गेली. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा त्यातला निम्मा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटला. तात्या तो आकडा रुपयात करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होते. पुरस्कारापेक्षा वाटप त्यांना जास्त आवडलं होतं.

पण करोनामुळे त्या वर्षी शाळाच बंद होत्या. मार्चपासून. सोलापूरच्या निलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकर लावून शाळा भरली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, सिंधुदुर्गात एका मुलीला भावांनी डोंगरावर रेंज मिळते तिथं छप्पर बांधून दिलं. आमच्याकडं घरटी एक फोन, आणि तो बापाबरोबर सकाळी रानात जायचा. पुतणी नुकतीच नोकरीला लागलेली. तिच्या पोरांचा अभ्यास रात्री नऊनंतर यायचा, वहीच्या पानाचा फोटो, अर्ध्या पानावर कंदिलाची नाहीतर टॉर्चची तिरीप. ती त्या फोटोवर बोटानं लाल खूण करून परत पाठवायची. किती पोरांनी ती परत उघडून बघितली असेल, देव जाणे. सोप्याच्या पायरीवर बसून ती म्हणाली होती, "आत्या, चूक मला दिसते, पण ती करताना पोरगं दिसत नाही."

शाळा उघडल्या तेव्हा दुसरीतली पोरं पेन्सिल मुठीत धरत होती. पहिली त्यांनी पाहिलीच नव्हती. वहीत लिहायला सांगितलं की दोन अक्षरं काढून थांबायची, कारण चुकलेलं दिसत राहायचं आणि खोडरबरानं पान फाटायचं. पुतणीनं तालुक्याच्या बाजारातून पाट्या आणल्या. आता दगडी मिळत नाहीत, पत्र्याच्या मिळतात, एका बाजूला रेघा, दुसरीकडं चौकटी. दीड महिना तिनं वह्या कपाटात ठेवल्या. केंद्रप्रमुख आले तर म्हणाले, "बाई, ह्याचा पुरावा काय दाखवणार?" पाटी पुसली जाते, फोटो तरी काढून ग्रुपवर टाका, असा सल्ला मिळाला. तिनं टाकले. पण पोरं लिहीत होती.

आता तिच्या फोनमध्ये गूगलचं 'रीड अलाँग' आहे. पोरगं फोनपुढं मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो, अडलं की शब्द म्हणून दाखवतो. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. मग तिच्या वर्गातला एक मुलगा पाहिला, बोलताना अडखळणारा. वर्गात वाचायला उभं केलं की तो घामाघूम व्हायचा. तोच फोन घेऊन खिडकीत बसला आणि तीच ओळ कितीतरी वेळा वाचत राहिला. फोन हसला नाही, कंटाळला नाही, कुणाकडं बघून डोळे मिचकावले नाहीत. जिजी पदराखाली पाटी का धरायची, ते मला तेव्हा कळलं. चारचौघांत न चुकता एकट्यानं चुकायची सोय, ती जर यंत्र देत असेल तर त्याला नावं ठेवणारी मी कोण?

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पूर्वी पोराची चूक वर्गाच्या बाहेर जात नव्हती. आता २०१५ पासून शिक्षणखात्याची 'सरल' प्रणाली आहे, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद. चाचणीचे गुण ऑनलाइन भरायचे, आणि वर 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक, जो पोराबरोबर शाळेपासून पुढं कायम राहायचा. हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऊसतोडीला किंवा मेंढरांमागं गेलेलं पोर कुठल्या गावात कुठल्या वर्गात बसलंय हे कळायला त्याचा उपयोग होतो, आणि गळती रोखायची तर असं काही लागतंच. पण तिसरीच्या चाचणीत वजाबाकी न आल्याची नोंद त्या पोरानं बारावी केली तरी कुठंतरी असणार असेल, तर ती पुसायचा अधिकार कुणाकडं आहे, हे मला कुणी सांगत नाही. आबांनी शाईचा डाग स्वतः पाडला होता. ह्या नोंदीवर डाग पाडायचीही सोय नाही. गुन्हेगाराची शिक्षा भोगून संपते, पोराची वजाबाकी का संपू नये? शिक्षणखात्यानं पोरांच्या चाचण्यांचा तपशील ठरावीक वर्षांनी पुसून टाकायचा नियम करावा, असं मला स्पष्ट वाटतं. मोठी माणसं ह्याला भाबडेपणा म्हणतील, म्हणोत.

आणि आता तर न चुकणारं यंत्र आलं आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि दोन वर्षांत ते आमच्या वडूजच्या स्टँडवरच्या पोरांच्याही फोनमध्ये पोचलं. बोलून विचारा, मराठीत उत्तर. हायस्कूलच्या पोरांचे निबंध एकदम शुद्ध झाले. 'माझा आवडता सण'मध्ये सगळ्यांना एकाच पद्धतीनं दिवाळी आवडू लागली. तिथल्या एका शिक्षकांनी मला सांगितलं की आता निबंधात ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की त्यांना बरं वाटतं, पोरानं स्वतः लिहिलंय म्हणून. तीस वर्षं लाल शाई चालवलेला माणूस हे सांगत होता.

पुतणीची पोरं लहान, चौथी-पाचवीची. तिनं गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर वेगळाच उद्योग काढला. परिसर अभ्यासाचा एक प्रश्न यंत्राला विचारायचा, आलेलं उत्तर फळ्यावर लिहायचं आणि पोरांनी ते तपासायचं. लाल खडू पोरांच्या हातात. मी गेले त्या दिवशी प्रश्न होता, ज्वारी कधी पेरतात. यंत्रानं सांगितलं : जून-जुलैमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर. फळ्यावर ते लिहून होतंय तोवर वर्गात कालवा.

"बाई, जूनला बाजरी!"

"शाळू हस्तात पेरत्यात, माझा आज्जा म्हणतो."

"हस्तात न्हाई, उत्तरात. ओल उडून जाती न्हाईतर."

"कुठल्या रानात ते बघाय लागतं. माळाला आधी, काळ्या रानात मागनं."

एका मुलीनं जाऊन 'जून-जुलै'वर लाल फुली मारली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याची आई विदर्भातली, मामाचं गाव अकोल्याकडं. तो म्हणाला, "बाई, मामाकडं जूनलाच पेरत्यात. ज्वारीच असती. मी बघितलीय." फुली मारणारी मुलगी खडू हातात धरून फळ्याशीच थांबली. पुतणीनं आपलं मत दिलं नाही. खरीप ज्वारी, रब्बी ज्वारी हे शब्दही तिनं त्या वेळी उच्चारले नाहीत.

"मग गुण किती द्यायचे?" तिनं विचारलं.

अर्धा, असं काही जणांचं म्हणणं पडलं. यंत्रानं गावाचं नाव विचारलं नाही म्हणून शून्य, असं फुली मारणारीचं. अकोल्याच्या भाच्यानं पूर्ण गुण मागितले आणि त्याच्यावर सगळा वर्ग तुटून पडला. शेवटी मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी दोन पोरं फळ्यापाशी भांडतच होती, आणि पोषण आहाराच्या बाई दारात भगुलं घेऊन ओरडत होत्या की खिचडी गार व्हायला लागली.